मुष्टिफंड : एका सामासिक शब्दाचा अर्थव्यवहार

‘मुष्टिफंड’ हा शब्द रचनेच्या दृष्टीने संमिश्र आहे. त्याचे पूर्वपद संस्कृत तत्सम, तर उत्तरपद इंग्रजीतून आलेले. तथापि हा समास केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नव्हे. ‘मुष्टि’ हे पद देणाऱ्याच्या घरातील माप सांगते. ‘फंड’ हे पद घेणाऱ्या संस्थेची शिस्त सुचविते. भिक्षाही मूठभरच असते, परंतु तिचा हिशेब ठेवला जात नाही. फंड म्हटला की हिशेब आलाच.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी शिक्षणासाठी पणजी येथे १९०८ साली स्थापन झालेल्या संस्थेने हेच नाव धारण केले. सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिलाही घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार लाभला. या मापातील शहाणपण उघड आहे. त्या काळी शेतकरी कुटुंबाजवळ रोकड क्वचितच असे, धान्य मात्र रोज जात्यावर पडे. त्यातील एक मूठ बाजूला काढल्याने चूल अडत नसे आणि फीसाठी सावकाराचे दारही गाठावे लागत नसे.

पण गरीब कुटुंबाच्या दृष्टीने शिक्षणाचा खरा खर्च फी हा नसून शाळेत गेलेल्या मुलाचे बुडालेले श्रम हा आहे. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. त्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने खर्ची घातले. परंतु एका घराच्या त्यागावर संस्था कायम चालू शकत नाही. ‘कमवा व शिका’ हे सूत्र या अडचणीचे उत्तर होय. त्याचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. ‘कमवून शिका’ असे म्हटले असते, तर कमाई ही शिक्षणाची पूर्वअट ठरली असती. ‘व’ या उभयान्वयी अव्ययाने दोन्ही क्रियांना समान दर्जा दिला. विद्यार्थी श्रम करील व त्याच काळात शिकेल. कुटुंबावर त्याच्या पोषणाचा संपूर्ण भार पडणार नाही.

या योजनेच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. मूठ पिकावर अवलंबून असते. दुष्काळात, जेव्हा मदतीची गरज सर्वाधिक, तेव्हाच ती आखडते. म्हणून लोकांची मूठ ही शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्याने फीचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला. बुडालेल्या श्रमाचा व चौदा वर्षांनंतरच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र राहिला. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलांची शाळा आजही हंगामात तुटते. मोफत शाळा आणि कुटुंबाला परवडणारी शाळा या दोन भिन्न संज्ञा आहेत, एवढे भान या जुन्या शब्दाच्या अभ्यासाने आले तरी पुरे.