दुकान-घर घेण्यापूर्वी पाया पाहा

कापड घेताना आपण ताग्याचा वरचा पदर पाहून सौदा करीत नाही. तागा उलगडतो, पन्हा मोजतो, पोत उजेडात धरून पाहतो. परंतु दुकान किंवा गोदाम घेताना मात्र रंग आणि फरशी पाहून इसार देतो. ही चूक मी स्वतः केली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुढच्या हिवाळ्यात पूरग्रस्त भागातील एक गोदाम मला स्वस्तात मिळाले. गिलावा नवा, रंग नवा. मे महिन्यात मागच्या कोपऱ्यात तिरकी भेग उघडली आणि दार चौकटीत अडकू लागले. स्वस्त गोदाम दुरुस्तीसह महाग पडले. व्यापारी व कारागीर बंधूंनी या अनुभवाचा फायदा घ्यावा.

प्रथम जमीन ओळखावी. कृष्णाकाठी सांगली-मिरज परिसरात खोल काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून तडकते. पाया उथळ असेल तर तो तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होतो. म्हणून पाया मुरमापर्यंत गेलेला हवा. मुरूम फार खोल असल्यास तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घालतात; ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली आहे. सातारा, पाटणकडील डोंगरउतारावर दोष वेगळा असतो. उतार कापून जागा सपाट करतात. त्यामुळे अर्धे घर खडकावर आणि अर्धे भरावावर उभे राहते. भराव दबला की दोहोंच्या सांध्यावर भिंत फाटते.

आता तपासणी. सर्वच भेगा धोक्याच्या नसतात. केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग पायाकडे बोट दाखवते. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा भिंतीचे टोक खचले आहे; खाली रुंद असेल तर मधला भाग. पाच मिलिमीटरहून रुंद भेग असल्यास अभियंत्याला दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भेग चालू आहे की थांबली, हे कळण्यास सोपा उपाय आहे. गिलावा खरवडून भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवावी आणि बाजूला तारीख लिहावी. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. काळ्या मातीत ही पाहणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, अशी दोनदा करावी. एकाच ऋतूत पाहिले तर फसगत होते.

गवंड्याला ओळंबा लावून भिंतीचा कल पाहायला सांगावे. पारदर्शक नळीत पाणी भरून जोत्याची वरची कड चारही कोपऱ्यांवर समपातळीत आहे का, ते पाहावे. जोत्यालगत पाणी साचते का, गटार किंवा संडासाची टाकी झिरपते का, मोठे झाड खेटून आहे का, पुराने पायाजवळची माती वाहून गेली आहे का, हेही पाहावे. भिंतीच्या तळाला पांढरा लोणा फुटला असेल तर ओल वर चढते आहे. अशा भिंतीला कापडाचे गठ्ठे टेकवू नयेत.

शंका उरल्यास मालकाच्या संमतीने कोरड्या दिवसांत एका कोपऱ्याशी छोटा खड्डा घेऊन पायाची खोली पाहावी. खड्डा पायाच्या तळाखाली नेऊ नये, भिंतीच्या लांबीभर खणू नये आणि नंतर मुरूम थराथराने ठोकून भरावा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा. किल्लारीकडे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे माणसांवर कोसळली. त्यामुळे जुने दगडी घर घेताना पाया पाहून थांबू नये; भिंतीच्या दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड आहेत का आणि भिंत पोटात फुगली आहे का, हेही पाहावे.

दोष सापडला म्हणजे सौदा मोडलाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा गळती थांबविणे, पाणी भिंतीपासून दूर काढणे आणि जोत्याभोवती उताराची फरसबंदी करणे एवढ्याने भागते. मात्र दुरुस्तीचा खर्च अभियंत्याकडून लेखी घेऊन तो किमतीतून वजा करावा, आणि हे सर्व इसारापावतीवर सही करण्यापूर्वी व्हावे. विकणाऱ्यानेही भेग गिलाव्याखाली झाकू नये. फाटका तागा घडीत लपवून विकणारा दुकानदार एक गिऱ्हाईक गमावतो. खचलेली भिंत लपविणारा कोणाच्या तरी मुलाबाळांचा जीव धोक्यात घालतो.