चाकाला लागलेली माती

पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडल्या की छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) बीड बायपासच्या आसपास सायकल चालवणाऱ्याने जरा जपूनच जावे. डांबरी रस्त्यावर मध्येच चिखलाचे दोन पट्टे दिसतात आणि चाक सरकते. त्या पट्ट्यांचा माग काढीत गेलात, तर तुम्ही एखाद्या नव्या भूखंडाच्या फाटकाशी पोचता. आत जमीन सपाट करण्याचे काम चालू असते. जेसीबी खणतो, हायवा भरतो, आणि बाहेर पडताना चाकांबरोबर थोडी माती रस्त्यावर येते. पुढची सर ती गटारात ढकलते. मग नाला, आणि शेवटी खाम किंवा सुखना नदी.

ट्रक लागतात तरी किती? एक हिशेब करू. १०० मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे एक हेक्टरचा भूखंड घ्या. त्याला रस्त्याच्या दिशेने शेकडा २ उतार आहे. वरची कड खालच्या कडेपेक्षा २ मीटर उंच. वरच्या अर्ध्या भागातली माती काढून खालच्या अर्ध्या भागात टाकली, तर सुमारे २,५०० घनमीटर माती हलते, पण फाटकाबाहेर एकही खेप जात नाही. उलट सगळा भूखंड रस्त्याच्या पातळीला आणायचे ठरवले, तर १०,००० घनमीटर माल बाहेर न्यावा लागतो. आपल्याकडे मुरूम ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. एका हायव्यात ५ ब्रास धरले, तर ७०० हून अधिक खेपा झाल्या! शिवाय खणलेला माल फुगतो, तेव्हा खेपा याहून वाढणारच. नकाशावरची पातळीची रेघ कोठे ओढली, एवढ्यावर हा फरक पडतो.

आणि खेप भरगच्च असली तर? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरवण्यात आले. रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे त्यातून दिसले. भार दुप्पट, तर हानी सोळापट. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठरला.

आता मातीकडे वळू. हे शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. सखल भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पाषाण. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि टायरला घट्ट चिकटतात. पण खरी अडचण पुढे आहे. काचेच्या उंच बरणीत पाणी घेऊन त्यात चमचाभर काळी माती ढवळा आणि बरणी न हलवता ठेवून द्या. वाळू लगेच तळाशी बसेल. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ असेल. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कणाचा व्यास दहापट कमी झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. स्थिर पाण्यात ०.०२ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला पाऊण तास घेतो, तर ०.००२ मिलिमीटरचा कण तीन दिवसांहून अधिक! म्हणून भूखंडाच्या कोपऱ्यात गाळ धरण्याचा खड्डा खणला, तरी त्यात वाळू आणि जाड गाळ अडकतो, चिकणमाती निसटते. ती जागच्या जागी धरून ठेवणे हाच उपाय. सगळी जमीन एकदम उघडी करू नये, उघड्या भागावर पेंढा पसरावा, खालच्या कडेला गवताचा पट्टा राखावा.

नियम काय सांगतात? माती किंवा मुरूम बाहेर नेऊन विकायचा, तर तो गौण खनिज ठरतो. राज्याच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे परवाना आणि स्वामित्वधन लागते. पायाची माती त्याच भूखंडात भरावाला वापरली, तर स्वामित्वधन सरसकट मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटले. आपल्या पहिल्या रीतीला ही सवलतच झाली. केंद्राची २५ जानेवारी २०१८ ची अधिसूचना धुळीविषयी आहे. सैल माती झाकावी, पाणी शिंपडावे, न झाकलेल्या वाहनातून बांधकामाचा माल नेऊ नये, आणि योजलेले उपाय लोकांना दिसतील असे फलकावर लिहावेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत या शहराचे नाव आहे, तेव्हा असे फलक शोधण्यासारखे आहेत.

मात्र या नियमांची नजर कोरड्या मातीवर आहे. ओल्या मातीकडे त्यांचे लक्ष कमी, असे मला वाटते. लॉस एंजेलिसने पावसात उतार ढासळून घरांचे नुकसान झाल्यावर १९५२ मध्येच खोदकामाचे नियम केले. तेथे टेकड्यांवरील मोठ्या कामात माती कोणत्या रस्त्याने न्यायची, तेही आधी मंजूर करून घ्यावे लागते. २००३ पासून अमेरिकेत एक एकर किंवा अधिक जमीन उघडी करणाऱ्या बांधकामाला पावसाच्या पाण्याबरोबर जाणारी माती अडवण्याच्या अटीवर परवाना मिळतो.

आपल्याकडे तर एक सोय आहे. वर्षातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर एवढ्यातच पडतो, म्हणून मोठे खोदकाम मेअखेर आटोपता येते. आणि फाटकाशी मोठ्या खडीचा जाड थर टाकला की टायर त्यावरून दबत-उसळत जाताना खाचांतला चिखल तेथेच गळतो. फक्त खडीच्या फटी चिखलाने भरल्या की ती धुवावी किंवा बदलावी लागते. हे विसरले, की दोन पट्टे पुन्हा रस्त्यावर दिसू लागतात.