इंजिनाचा बातमीदार

सन १७८७ मध्ये बिंबाजी भोसले निवर्तल्यावर छत्तीसगडचा अधिकार त्यांचे पुतणे व्यंकोजी यांच्याकडे आला. परंतु रतनपूर या राजधानीस येऊन राहण्याऐवजी त्यांनी नागपुरातच मुक्काम कायम ठेवला आणि शंभराहून अधिक कोसांवरील या मुलखाचा कारभार सुभेदारांकरवी चालवला. अशा व्यवस्थेत दरबार कितीही विचक्षण असला तरी त्याचा प्रत्येक हुकूम आलेल्या खबरीवर अवलंबून असतो, आणि खबरच खोटी असेल तर चांगल्या हेतूने काढलेले फर्मानही रयतेस जाचक होते. हा विचार मला सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, आमच्या २००८ सालच्या पेट्रोल मोटारीच्या बॉनेटमध्ये डोके घालून उभा असताना.

त्या मोटारीचे ॲव्हरेज काही महिन्यांत उतरले होते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत होता, आणि डॅशबोर्डावरील 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा काही केल्या विझत नव्हता. संशय होता तो ऑक्सिजन सेन्सरवर. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या नळीत बसवलेला, आकाराने स्पार्क प्लगाच्या मोठ्या भावासारखा दिसणारा हा नग इंजिनाच्या संगणकाचा बातमीदार होय. त्याच्या पोटात झिर्कोनियाची, प्लॅटिनमचा मुलामा दिलेली एक टोपी असते. तिच्या एका अंगास बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगास जळालेला वायू असतो, आणि दोहोंतील प्राणवायूच्या प्रमाणात जो फरक पडतो त्यानुसार ती सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न करते. पेट्रोल अधिक झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाली तर सुमारे ०.१. एक भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण, आणि ते साधण्यासाठी संगणक या खबरीवरून पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करतो. मात्र सुमारे तीनशे अंश तापमानाखाली हा बातमीदार मौन पाळतो, म्हणून नंतरच्या सेन्सरांत त्यास लवकर तापवणारा हीटर घातलेला असतो.

बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वोच्या मोटारींत आला. आपल्याकडे त्याचा मार्ग पेट्रोलमधील शिशाने अडवून धरला होता, कारण शिसे या सेन्सरलाही विष आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. कन्व्हर्टरचे काम हवा-पेट्रोलाचे प्रमाण आदर्शाच्या अगदी निकट राहिले तरच नीट होते, म्हणून सेन्सर बिघडलेला ठेवून मोटार दामटणे म्हणजे पुढे त्याहून कितीतरी महाग वस्तूचा नाश ओढवून घेणे होय.

तथापि बातमीदारास बडतर्फ करण्यापूर्वी चौकशी करावी. धुराच्या नळीस चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर प्रामाणिकपणे 'हवा जास्त' असेच कळवतो. खरे बोलणाऱ्यास काढून टाकल्याने ती चीर बुजत नाही. म्हणून नळीचे सांधे, व्हॅक्यूमचे पाइप आणि सेन्सरची वायर आधी पाहावी. मग इंजिन तापल्यावर डिजिटल मल्टिमीटर सिग्नलच्या तारेस लावावा: निरोगी सेन्सरचा आकडा ०.१ आणि ०.९ व्होल्ट या दोन टोकांमध्ये सतत झोके घेतो. आमचा आकडा खालच्या टोकाशी जो बसला तो हलेना. कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा हवेच्या वाटेत किंचित सोडून मुद्दाम इंधन वाढवले, तरी त्याचे उत्तर तेच.

बदलण्याचे काम सोपे, पण उतावळेपणास क्षमा न करणारे. वैशाखात रायपूरचे अंगणही तव्यासारखे तापते, म्हणून पहाटेची वेळ धरली. नळी कोमट असताना आटे सुटणे सोपे जाते. धगधगत्या नळीस हात लावणे म्हणजे इस्पितळाची वाट. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून, गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारले होते. वायरीला वाट देणारी चीर असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लावून, झटके न देता दाब वाढवत नेला, तेव्हा जुना सेन्सर कुरकुरत सुटला. सेन्सर खालून काढायचा असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कदापि शिरू नये. लोखंडी स्टँड लावावेत.

नवा सेन्सर आधी हातानेच आट्यांत बसवावा, म्हणजे आटे कापले जात नाहीत, आणि मग पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने, सामान्यतः चाळीस ते पन्नास न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. आट्यांना लावायचे वंगण बहुधा कारखान्यातूनच लावून येते. ते किंवा हातावरचे ग्रीस टोकास लागू देऊ नये, आणि सिलिकोनचा लेप तर जवळही आणू नये, कारण त्याची वाफ सेन्सरास मारते. वायर मूळच्या क्लिपांतूनच, तापत्या नळीपासून दूर न्यावी. अखेरीस स्कॅनरने संगणकातील बिघाडाचा जुना कोड पुसला, इंजिन तापू दिले, आणि पिवळा दिवा विझलेलाच राहिला.

काढलेला सेन्सर कट्ट्यावर ठेवून मी त्याच्याकडे पाहत राहिलो. 'हवा जास्त, पेट्रोल कमी' अशी खोटी इत्तला तो महिनोन्महिने पाठवत होता, आणि तिच्यावर विसंबून संगणक पेट्रोल वाढवीत होता. त्या जादा पेट्रोलाची काजळी शेवटी नळीतून जाताना त्याच्याच टोकावर दाट बसली होती. खोट्या बातमीदाराचे तोंड इतके न्यायाने काळे झालेले मी तरी दुसरीकडे कोठे पाहिले नाही.