कॅम बदलला, स्प्रिंगचं काय?

जनरल मोटर्सचं ‘एलएस १’ इंजिन १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमधून रस्त्यावर आलं. ५.७ लिटर, आठ सिलिंडर, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमची. कॅमशाफ्ट मात्र जुन्याच वळणाचा, ब्लॉकच्या पोटात बसवलेला; वर व्हॉल्व्हपर्यंत हालचाल पोचवायला लिफ्टर, पुशरॉड आणि रॉकर. या रचनेची एक सोय अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी लगेच हेरली. हेड न उतरवता, पुढचं टायमिंग कव्हर काढून कॅम सरळ ओढून घेता येतो. त्यामुळे या इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की पहिला हात कॅमला जातो. खर्चही तिथेच होतो आणि मग स्प्रिंगची वेळ आली की खिसा आखडतो.

कॅमचं काम व्हॉल्व्ह उघडणं. बंद करणं त्याच्या हातात नाही, ते सगळं स्प्रिंगवर. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर कॅम ३,००० घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमचं नाक ओलांडताना उघडत निघालेल्या व्हॉल्व्हला थांबवून उलटं फिरवायचं असतं. स्प्रिंग कमी पडली तर लिफ्टरचा रोलर कॅमवरून सुटतो आणि व्हॉल्व्ह काही क्षण बेवारशासारखा फिरतो. यालाच फ्लोट म्हणतात. लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ६,००० वरून ७,००० वर गेलात तर फेरे सतरा टक्क्यांनी वाढतात, जोर मात्र छत्तीस टक्क्यांनी जास्त लागतो. हायड्रॉलिक लिफ्टर असेल तर आणखी एक दुखणं. सुटलेली फट लिफ्टर तेलाने भरून काढतो आणि मग व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. गाडी वरच्या फेऱ्यांत अडखळते, पॉवर एकदम पडते, आणि मालक प्लग नाहीतर पेट्रोल पंप बदलत बसतो.

आता हिशेब. समजा नव्या कॅमचा लोब ९ मिलिमीटर उचल देतो. एलएस १ चा रॉकर ती १.७ पट करतो, म्हणजे व्हॉल्व्ह १५.३ मिलिमीटर उघडणार. मूळ कॅममध्ये ही लिफ्ट साडेबाराच्या आसपास होती. स्प्रिंग हेडवर बसवल्यावर तिची उंची ४५.७ मिलिमीटर धरली, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना ती ३०.४ वर येते. या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकून ती ठप्प होण्याची उंची किमान दीड मिलिमीटर खाली, म्हणजे २८.९ किंवा त्याहून कमी हवी. वेढे टेकले की पुढचा घाव पुशरॉडवर, रॉकरवर नाहीतर थेट कॅमवर बसतो. दुसरी तपासणी रिटेनरच्या, म्हणजे स्प्रिंगला वरून धरणाऱ्या टोपीच्या बुडाची. तो खाली येताना व्हॉल्व्ह गाइडवरच्या ऑइल सीलला धडकता कामा नये.

मग जोर. व्हॉल्व्ह मिटलेला असताना ६० किलो आणि दर मिलिमीटरला ७ किलो चढणारी स्प्रिंग घेतली, तर पूर्ण उघडीवर साधारण १६७ किलो भरतात. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा व्हॉल्व्ह मिटलेला असताना पस्तीसेक किलोच्याच असतात. त्या साडेबारा मिलिमीटरच्या कॅमला पुरतात, नव्या कॅमला नाही. २००२ च्या ‘एलएस ६’ इंजिनाच्या स्प्रिंगा लोक वर्षानुवर्षं स्वस्तातला इलाज म्हणून टाकत आले. पण त्या जेमतेम १४ मिलिमीटर लिफ्टसाठी बनवलेल्या आहेत, त्यापुढे नशिबावर हवाला.

टर्बो असेल तर गणित पुन्हा बदलतं. एलएस १ च्या इनलेट व्हॉल्व्हचा व्यास ५१ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्याच्या पाठीवर एक बारचा बूस्ट आला की वीसेक किलोंचा जोर व्हॉल्व्ह उघडण्याच्या बाजूने लागतो. तेवढा मिटलेल्या अवस्थेतल्या जोरातून सरळ वजा.

म्हणून सगळ्यात कडक स्प्रिंग टाकून मोकळं व्हावं, असं अनेकांना वाटतं. मला हा आळशीपणा वाटतो. पॉवर खाल्ली जाते ही तक्रार तितकीशी खरी नाही, कारण दाबताना घेतलेली बरीचशी ऊर्जा मिटताना स्प्रिंग कॅमला परत देते. खरा तोटा झिजेचा: पुशरॉड वाकतात, लिफ्टर दबतात, कॅम आणि रोलर वेळेआधी संपतात. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांत तर नवा कॅम रुळेपर्यंत जोडस्प्रिंगमधली आतली काढून ठेवतात, नाहीतर पहिल्या वीस मिनिटांतच लोब सपाट व्हायचा.

जोर वाढवण्याऐवजी वजन उतरवणं हा शहाणा रस्ता. २००६ च्या कॉर्व्हेट झी०६ मधल्या सात लिटरच्या ‘एलएस ७’ ला इनलेट व्हॉल्व्ह टायटॅनियमचे दिले आणि ते ७,००० फेऱ्यांपर्यंत नेलं. बीहाइव्ह, म्हणजे वर निमुळती होत जाणारी स्प्रिंग, याच विचारातून येते. वरचा रिटेनर छोटा आणि हलका होतो. शिवाय वेढ्यांचा व्यास बदलता असल्याने सगळी स्प्रिंग एकाच कंपनसंख्येत थरथरत नाही. ही थरथर स्प्रिंगचा मोठा शत्रू. फ्लोट नसतानाही ती जोर चोरते आणि तार गरम करते. जोडस्प्रिंगमध्ये आतली बाहेरच्या अंगाला घट्ट घासून कंप मारते, आणि एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला धरून ठेवते. एकेरी स्प्रिंग तुटली आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरला की पिस्टन, हेड, सगळंच गेलं.

बसवण्याचं काम निगुतीचं. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरली की व्हॉल्व्ह खाली पडत नाही आणि हेड न उतरवता स्प्रिंग निघते. मग मोजायची ती बसवलेली उंची, सोळाच्या सोळा व्हॉल्व्हची, कारण प्रत्येक जागा सारखी नसते. जास्त भरली तर खाली शिम, म्हणजे पातळ चकती. पण अर्धा मिलिमीटर शिम टाकला की वरच्या हिशेबातल्या स्प्रिंगमध्ये साडेतीन किलो वाढतात आणि वेढ्यांतली जागा अर्ध्या मिलिमीटरने घटते, हे दोन्ही वहीत लिहावं. स्प्रिंगला पकडीने कधी धरू नये. क्रोम-सिलिकॉनच्या तारेवर बारीक छर्रे मारून पृष्ठभाग दाबलेला असतो, म्हणून तिला सहजी तडा जात नाही. पकडीच्या दातांचा ओरखडा उठला की तडा तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे बुलेटचा कॅम बदलणाऱ्यांनाही हेच गणित लागू, आकडे तेवढे वेगळे. कॅम बनवणाऱ्याने सुचवलेली स्प्रिंग घ्या, उंची स्वतः मोजा, आणि काही महिने चालवल्यावर स्प्रिंगचा जोर पुन्हा तपासा. दहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर अख्खा संच बदला. पैसे कमी पडत असतील तर कॅम एक पायरी लहान घ्या, स्प्रिंग नको.