तरवडाला पाणी घालू नका

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की नळाचं पाणी आधी कूलरला जातं, उरलं तर झाडांना. माझ्या अंगणात एक झुडूप आहे, त्याला गेले पाच उन्हाळे मी तांब्याभरही पाणी घातलेलं नाही. ते तरवडाचं आहे आणि आता माझ्या खांद्याला लागलं आहे.

तरवड म्हटलं की आपल्याकडे आधी तरोटा आठवतो. पावसाच्या सुरुवातीला ज्याची कोवळी पानं भाजीला खुडतो, तो तरोटा एका पावसाळ्यापुरता. तरवड त्याच्याच कुळातला, पण वर्षानुवर्षं टिकणारा. खूण सोपी आहे. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णं असतात; 'सेन्ना ऑरिक्युलाटा' हे शास्त्रीय नाव त्या कानांवरूनच आलं. फुलं गर्द पिवळी, झुपक्यांनी येणारी. शेंगा चपट्या, वाळल्या की कागदासारख्या. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून दक्षिणेत तिच्यावर कातडी कमावत.

उमरेड रस्त्याकडेच्या मुरमाड उतारावरून मी शेंगा आणल्या. बियांचं कवच टणक असतं. त्या पॉलिश पेपरवर हलकेच घासल्या, रात्रभर भिजवल्या आणि जूनमध्ये पिशव्यांत लावल्या. रोपं तरारून आली. मग माझी चूक झाली. काळ्या मातीत आळं केलं, शेणखत भरलं, गुलाबाबरोबर रोज पाणी दिलं. पोळ्यापर्यंत तिन्ही रोपं मुळाशी कुजली. काळी माती ओल धरून ठेवते आणि तरवडाच्या मुळांना मोकळी हवा लागते.

पुढच्या वर्षी दिवसभर उन्हाची जागा निवडली. दीड हात खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळला आणि माती भोवतीच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवली. रोप वीतभर असतानाच लावलं, कारण सोटमूळ खोल जातं आणि मोठं रोप हलवलं की ते दुखावतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी, मग तेही बंद. खत नाही. बहर सरला की शेंडे छाटते, म्हणजे झुडूप डेरेदार राहतं.

फुलं आली तेव्हा एका सकाळी काळाभोर भुंगा आला. फुलाला मिठी मारून, पंख मिटून, उडतानापेक्षा चढ्या सुरात गुणगुणला. या फुलात मध नाही, फक्त पराग. तोही परागकोशांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो. भुंगा अंगाच्या थरथरीनं तो झटकून घेतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. पानांवर फिकट फुलपाखरं अंडी घालतात आणि अळ्या पानं कुरतडतात. मी फवारणी करत नाही. पावसाबरोबर पानं पुन्हा येतात.

नवरात्राच्या तोंडावर शेजारच्या तेलुगू काकू कुंपणाशी थबकल्या. "ताई, हे तर आमचं तंगेडू! बतुकम्माला दोन ओंजळी द्याल?" तेलंगणात बतुकम्माची फुलांची उतरंड या फुलाशिवाय रचत नाहीत, त्या राज्याचं राज्यफूलही हेच. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात घटावर याच फुलांची माळ चढते. त्या दिवशी काकूंची परडी भरली, तरी झुडूप पिवळंच होतं.

आता शेंगा वाळून खुळखुळू लागल्या, की मी त्या पुड्यांत बांधून मागेल त्याला देते. देताना एवढंच सांगते, की रानातलं झुडूप उपटून आणू नका. त्याचं मूळ तुटतं, अंगणात ते जगत नाही आणि तिकडे उतारावर भुंग्याचं फूल जातं. शेंग आणा, पावसाळ्याची वाट बघा.