बापाने दाद कोठे मागावी?

समजा, आपण पुण्यास नोकरीस आहात आणि बेबनावामुळे आपली पत्नी मुलाला घेऊन झाशीस माहेरी राहत आहे. मुलाची भेट दुरापास्त झाली, तर दाद कोठे मागावी? पुण्यास नव्हे! १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयालाच अधिकार असतो. तेव्हा झाशीच्या कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढणे प्राप्त आहे.

परक्या गावी वकील कोठून आणावा? तेथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. बायकामुलांना मोफत वकील देताना मिळकत पाहत नाहीत. बापाची मात्र बहुधा पाहतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला जवळ असावा.

हिंदूंपुरता १९५६ चा कायदा पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी ठेवतो. अशा वेळी ताब्याचा हट्ट धरून वर्षे दवडण्यापेक्षा प्रथम भेटीचा अंतरिम हुकूम मागणे मला शहाणपणाचे वाटते. दूरच्या पालकाला व्हिडिओवरून मुलाशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू खटल्यात म्हटले आहे, तेही मागावे. शाळेची सुट्टी केव्हा आणि आपणास रजा केव्हा मिळते, हे अर्जात लिहावयास मात्र विसरू नका.