काळा धूर, काळे प्लग, पेट्रोलचा वास : जुन्या गाडीचं इंजिन खोलायच्या आधी एवढं बघा



माशांच्या पेजवर आज गाडीची पोस्ट कशी काय, असं वाटेल. कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदाचा भाचा गोव्याहून चोर्ला घाटातून जुनी दोन सीटची स्पोर्ट्स गाडी घेऊन आला. हौसेची गाडी. पण कणकुंबी मागे टाकेपर्यंत मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास आणि टाकी बघता बघता रिकामी. एका मेकॅनिकनं बघून सांगितलं, "रिंग-पिस्टन गेलं, इंजिन उतरवावं लागेल." पोरगं तोंड पाडून सोसायटीत आलं. "मामा, एवढे पैसे कुठनं आणू?" आम्ही म्हटलं, "अरे थांब की. आधी प्लग तरी बघूया." शेवटी काय निघालं ते पुढे येईलच.

आधी मूळ गोष्ट. पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल वाढलं किंवा हवा कमी पडली की मिक्स्चर 'रिच' झालं म्हणतात. उलट झालं की 'लीन'. रिच गाडी काळा धूर सोडते, आयडलिंगला घरघरते, एव्हरेज पडतं, गरम झाल्यावर पिकप मंदावतो. हे बरेच दिवस चाललं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइलची पातळी वाढते, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. तेव्हा मात्र रिंगा खरंच झिजतात. म्हणजे साधा दोष तसाच ठेवला तर मोठा खर्च खरा होतो.

धुराचा रंग ओळखा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. भाच्याच्या गाडीचा धूर काळा होता, निळा नव्हता. रिंगा गेल्या असत्या तर आधी निळा दिसला असता. इथंच आम्हाला शंका आली.

आता क्रमानं बघायचं. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

१) प्लग. चारही काढून ओळीनं ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच. काळं पण तेलकट म्हणजे ऑइल. पेट्रोलनं ओला म्हणजे त्या सिलिंडरला करंट येत नसेल. चारही सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांच्या वाटेवरचा, म्हणजे कार्बोरेटर, चोक, फिल्टर किंवा पंप. एकच काळा असेल तर त्या एकट्याची वायर, प्लग, कॉम्प्रेशन आणि इंजेक्शनची गाडी असेल तर इंजेक्टर बघा.

२) पीयूसीची चिठ्ठी. ही आपण काचेला लावून विसरतो, पण ती गाडीचा ब्लड रिपोर्ट आहे. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, स्टेज २ आणि ३ ला ०.५ टक्के. मोनॉक्साइड जास्त असेल तर मिक्स्चर रिच. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर बहुतेक मिसफायर, तिथं कार्बोरेटर फिरवून उपयोग नाही.

३) चोक. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा. थंड गाडी चालू करताना जी पत्री बंद होते, ती दांडी आत ढकलल्यावर पूर्ण उभी राहिली पाहिजे. जुन्या केबलला गंज धरतो आणि पत्री अर्धी बंदच राहते. थोडं ऑइल, केबलची थोडी सैल, आणि काम झालं. फिल्टर काढलाच आहे तर उजेडाकडे धरून बघा, तुंबलेला असेल तर बदला.

४) फ्लोट आणि निडल व्हॉल्व्ह. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठराविक उंचीला आलं की फ्लोट वर येतो आणि निडल वाट बंद करते. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच. निडलखाली कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडलं तर पेट्रोल थांबत नाही. फ्लोट कानाजवळ धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर फुटलाय. कुणी नवीन इलेक्ट्रिक पंप बसवलाय का तेही विचारा. कार्बोरेटरला ३ ते ५ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० च्या आसपास देतो, तो बसवला तर निडलला तो दाब पेलणारच नाही.

५) जेट. आपल्याकडे जेट तुंबला की तांब्याची तार घालतात. पितळ मऊ असतं, पुन्हा पुन्हा तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची रिच होते. जेट कार्बोरेटर क्लीनरनं आणि हवेनं साफ करा. मिक्स्चर स्क्रूला हात लावायच्या आधी तो किती आटे बाहेर होता ते मोजून लिहून ठेवा.

६) एसयू कार्बोरेटरच्या जुन्या विलायती गाड्या असतात, एमजी वगैरे. त्यांना सोपी परीक्षा आहे. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून पिस्टन अगदी १ मिलिमीटर वर उचला. आवाज वाढून वाढलेलाच राहिला तर रिच. किंचित वाढून परत खाली आला तर बरोबर. बंद पडायला लागली तर लीन.

७) इंजेक्शनच्या गाड्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म काहींनी पाहिली असेल, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन होतं तिला. अशा गाडीत चोक नसतो, कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. त्याला खोटी बातमी गेली की तो जास्त पेट्रोल देतो. पाण्याच्या टेंपरेचरच्या सेन्सरची वायर तुटली तर त्याला वाटतं बाहेर बर्फ पडलाय. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तरी इंजिन गरम होत नाही आणि तो पेट्रोल ओतत राहतो. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी चिरली तरी तेच. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा, त्यात पेट्रोल असेल तर आतला पडदा फाटलाय.

बरेच जण दोष घाटाला देतात. त्यात थोडं खरं आहे. किनाऱ्यापेक्षा जांबोटी ७०० मीटरच्या आसपास उंच, इथं हवा विरळ. खाली सेट केलेला कार्बोरेटर वर आल्यावर थोडा रिच होतो. पण तीन-चार टक्केच. तेवढ्यानं मागची गाडी काळी होत नाही. इथेनॉललाही शिव्या पडतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं मिक्स्चर उलट लीनकडे जातं. मात्र इथेनॉल जुन्या रबराला खातं, ते लक्षात ठेवा.

कारण भाच्याच्या गाडीत नेमकं तेच निघालं. चारही प्लग कोरडे काळे. चोक उघडा, फिल्टर साफ. इंजिन बंद करून टॉर्चनं बघितलं तर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ठिबकतंय. वरचं झाकण उघडलं, निडलखाली काळ्या रबराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा. जुना पेट्रोल पाइप आतून सुटत होता. इथेनॉलला चालणारा नवीन पाइप, छोटा फिल्टर, नवी निडल-सीट, ऑइल बदललं. इंजिन उतरवायची गरजच पडली नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट. आदल्या दिवशी पाऊस लागला म्हणून या पोरानं गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घातली, दार ओढून घेतलं आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवून स्क्रू फिरवत बसला. आई चहा घेऊन गेली तर हा भिंतीला टेकून बसलेला. डोकं जड, उलटीसारखं होतंय म्हणाला. तिनं दार उघडून त्याला ओढत बाहेर आणला. रिच इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि उठायची ताकद राहत नाही. माउली दहा मिनिटं उशिरा गेली असती तर काय झालं असतं, हे लिहायला हात वळत नाही.

म्हणून सांगतो. इंजिन चालू ठेवायचं ते उघड्यावरच, कितीही पाऊस असो. बोटीचं इंजिन असो नाहीतर जनरेटर, नियम तोच. डोकं जड झालं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि लगेच दवाखान्यात जा. पेट्रोलचं काम करताना बिडी-काडी लांब, बॅटरीची वायर काढलेली आणि बादलीभर वाळू जवळ.

आणि कुणी इंजिन उतरवा म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका. फक्त एवढंच म्हणा, "दादा, आधी चार प्लग काढून दाखवा की." आपल्या गाडीचे प्लग कसले निघाले त्याचा फोटो खाली टाका, आम्ही सगळे मिळून बघू.